एकाच वाइनला दोन दिवशी दोन वेगळे गुण: रोजच्या स्वस्त वाइन तपासायच्या कशा?

कोरा_कागद:

नमस्कार मंडळी,

रोजच्या वापरातल्या स्वस्त वाइन प्रदेशवार चाखून त्यांची नोंदवही करायचं काम आम्ही चारजण करतोय. एका बैठकीत आठ वाइन, लेबलं झाकलेली, प्रत्येकीला २० पैकी गुण. पण आकड्यांचा मेळ बसत नाही. एकाच वाइनला पंधरा दिवसांच्या अंतराने एकदा १५ आणि एकदा ११ गुण पडले. बाटली वेगळी होती, पण लॉट क्रमांक तोच.

दुसरं म्हणजे, बैठकीत पहिला नंबर काढणारी वाइन नंतर निवांत घ्यायला बसलं की दुसऱ्या पेल्यातच नकोशी होते. तिसरं, पोर्तुगालची विन्यो व्हेर्दे आणि ऑस्ट्रेलियाची लाल शिराझ एकाच फूटपट्टीने मोजायच्या कशा? पहिली जात्याच हलकी, दुसरी जात्याच भारी. आणि बाटली बिघडली आहे की ती वाइनच तशी असते, हे आम्हाला खात्रीने सांगता येत नाही.

पेले घरातलेच, दोन-तीन आकारांचे. पांढरी वाइन फ्रिजमधून काढून थेट ओततो, लाल खोलीत असेल तशी. घोट लहान असतात म्हणून थुंकत नाही. सुधारणा कुठून सुरू करावी?

तळाचा_गाळ:

फ्रिजमधून थेट, खोलीत असेल तशी, थुंकणं नाही, पेले वेगवेगळे. चार गुणांचा फरक पडायला एवढं पुरेसं आहे. वाइनकडे नंतर वळू.

आधी तापमान. फ्रिजमधून काढलेली वाइन ४-५ अंशांवर असते. इतक्या थंडीत गंध वर येत नाही, गोडी दबते, आणि दोषही लपतात. प्यायला ८ अंश ठीक आहे, पण तपासायची पांढरी वाइन ११-१२ अंशांवर हवी. लाल वाइनचं उलट होतं. खोली २८ अंशांची असेल तर अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा गंध शिजवल्यासारखा येतो आणि सगळ्याच लाल वाइन सारख्याच जड वाटतात. त्या १६ अंशांच्या आसपास तपासा. अशा खोलीतली बाटली फ्रिजमध्ये ठेवून तिथवर आणा. स्वयंपाकाचा सळईवाला तापमापक असतो तो पेल्यात बुडवून बघा, अंदाजावर जाऊ नका. चूक करायचीच तर थंडीच्या बाजूने करा: पेला तळव्यात धरून वाइन दोन-तीन अंश वर आणता येते, ओतलेली गरम वाइन खाली आणता येत नाही.

पेले सगळे एकाच आकाराचे. चवपरीक्षेसाठी आयएसओ ३५९१ हा नमुना १९७७ पासून ठरलेला आहे: साधारण २१५ मि.लि.चा, पोटाशी रुंद, तोंडाशी निमुळता. त्यात ५० मि.लि. ओतायची, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत गंध साठतो. असा पेला नसेल तर कुठलाही निमुळता चालेल, फक्त सगळ्या वाइनला तोच. आणि ओतण्याआधी रिकामा पेला हुंगा. साबणाचा किंवा कपाटाच्या लाकडाचा वास पेल्यात राहिलेला असतो आणि दोष वाइनवर जातो.

थुंकण्याबद्दल हिशेबच करू. आठ पेले, प्रत्येकी ५० मि.लि., म्हणजे ४०० मि.लि. वाइन. १३ टक्क्यांनी ते साधारण ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. निम्मंच प्यायलात तरी २० ग्रॅम. पाचव्या पेल्यानंतरचे गुण त्यामुळे भरवशाचे राहत नाहीत. प्रत्येकाला उंच, अपारदर्शक भांडं द्या आणि थुंका. थुंकूनही थोडं अल्कोहोल तोंडाच्या आतल्या त्वचेतून शरीरात जातं, त्यामुळे बैठकीनंतर गाडी चालवू नका.

क्रम: फसफसणारी, मग हलक्या पांढऱ्या, भारदस्त पांढऱ्या, गुलाबी, हलक्या लाल, जड लाल, आणि गोडी असलेली सगळ्यात शेवटी. गोड वाइननंतर कोरडी आली की ती उगाच आंबट लागते. टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारं तुरट द्रव्य) तर तोंडात साचत जातं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि लाळेचं वंगण काढून घेतं, म्हणून तिसऱ्या घोटाला तीच वाइन पहिल्यापेक्षा जास्त तुरट लागते. दोन लाल वाइनमध्ये किमान दीड मिनिट, साधं पाणी, हवा तर बिनमिठाचा पावाचा तुकडा. सलग आठ नकोत. चार-चारच्या दोन फेऱ्या करा, मध्ये वीस मिनिटं.

आता चाखणं. पेला न हलवता हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा हुंगा. पहिल्या हुंगण्यात हलके, उडून जाणारे वास मिळतात (बरेच दोष इथेच सापडतात), दुसऱ्यात फळ आणि लाकूड. घोट १० मि.लि.चा, दहा सेकंद तोंडभर घोळवा, थोडी हवा आत ओढा, थुंका, मग मोजत राहा. घोट प्रत्येक वेळी तेवढाच हवा.

काय कुठे जाणवतं ते पक्कं करा. आम्ल: थुंकल्यावर तोंडाला किती पाणी सुटतं, किती वेळ सुटत राहतं. जास्तच असेल तर दात आंबतात, कमी असेल तर वाइन मिळमिळीत. टॅनिन: वरच्या हिरड्यांवरून जीभ फिरवा; खरखर लागली तर ते टॅनिन. तुरट आणि कडू यांत गल्लत करू नका. कडू ही चव आहे, तुरटपणा ही स्पर्शाची जाणीव आहे, आणि आपल्या भाषेत त्यासाठी वेगळा शब्द आधीपासून आहे तर तो नोंदीत नीट वापरा. अल्कोहोल: थुंकल्यानंतर श्वास बाहेर सोडताना घशापाशी येणारी ऊब. १४.५ टक्क्यांची वाइनही संतुलित असेल तर ऊब जाणवते, जळजळ नाही.

गोडी ओळखणं सगळ्यात अवघड, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. नाक चिमटीत दाबून घोट घ्या. गोडवा टिकला तर ती खरी साखर. नाक दाबताच गेला तर तो पिकलेल्या फळाचा गंध होता. बऱ्याच स्वस्त लाल वाइनमध्ये लिटरला ६ ते १५ ग्रॅम साखर मुद्दाम ठेवलेली असते. त्याने कच्चं टॅनिन आणि कडवटपणा झाकला जातो, तोंडात भरल्यासारखं वाटतं. आठ कोरड्या वाइनच्या रांगेत अशी एक आली की ती मऊ, उदार वाटते आणि गुण घेऊन जाते. पूर्ण पेला प्यायला लागलं की आम्ल मागून उचलून धरत नाही, आणि ती गुळमट होते. वाइनमध्ये सोडलेल्या ओक लाकडाच्या तुकड्यांचा ठळक व्हॅनिलाही असाच एका घोटापुरता भुलवतो.

एक सराव आधी करा, बैठकीच्या आठवडाभर अगोदर. साधी कोरडी पांढरी वाइन चार पेल्यांत, प्रत्येकी १०० मि.लि. २ ग्रॅम टार्टारिक आम्ल (द्राक्षातलं मुख्य आम्ल) पाण्यात विरघळवून २० मि.लि. द्रावण करा, आणि १० ग्रॅम साखरेचंही तसंच २० मि.लि. करा. पहिल्या पेल्यात फक्त ४ मि.लि. पाणी. दुसऱ्यात २ मि.लि. साखरेचं द्रावण आणि २ मि.लि. पाणी, म्हणजे लिटरला १० ग्रॅम साखर. तिसऱ्यात २ मि.लि. आम्लाचं आणि २ मि.लि. पाणी, म्हणजे लिटरला २ ग्रॅम जास्तीचं आम्ल. चौथ्यात दोन्ही द्रावणं. पाणी सगळीकडे सारखं पडावं म्हणून ही मापं. चौथा पेला पहिल्याच्या किती जवळ लागतो ते बघा. साखर आणि आम्ल एकमेकांना कसे झाकतात, हे कितीही वाचलं तरी या चार पेल्यांइतकं पटत नाही.

बूच_आणि_पेच:

वरचं सगळं मान्य. दोषांबद्दल लिहितो, कारण रोजच्या वाइनमध्ये पहिला प्रश्न तोच हवा: ही स्वच्छ आहे का? स्वच्छ नसेल तर गुण देऊ नका, "बाद" लिहा आणि त्याच लॉटची दुसरी बाटली उघडा. खराब बाटलीला ११ देऊन सरासरीत मिसळणं चुकीचं आहे. तुमचा तो १५-११ चा फरक यातूनही आलेला असू शकतो.

बुचाचा दोष (टीसीए नावाच्या संयुगामुळे). कुबट वास, ओला पुठ्ठा, बंद खोलीतली ओल. हे संयुग लिटरमागे दोन ते पाच नॅनोग्रॅम एवढ्यानेही जाणवतं. त्याहून कमी असलं तर कुबट वास येत नाही, पण फळ नाहीसं होतं. वाइन नुसतीच मुकी, सपक लागते. लॉट तोच आणि एक बाटली बोलकी, दुसरी मुकी असेल तर आधी हा संशय घ्या. पहिल्याच हुंगण्यात ठरवा, कारण नाक अर्ध्या मिनिटात या वासाला सरावतं. हवा लागली की हा वास वाढतो, जात नाही. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा दोष फार दुर्मीळ.

गंधकी वास (रिडक्शन). सडकं अंडं, विझलेली काडी, रबर. हा फिरकीच्या झाकणाखाली जास्त भेटतो, कारण तिथून हवा फारशी जात नाही. टीसीएच्या नेमका उलट: हवा लागली की बहुधा ओसरतो. वाइन दोनदा एका भांड्यातून दुसऱ्यात जोरात ओता आणि दहा मिनिटं थांबा. तरी राहिला तर स्वच्छ तांब्याचा तुकडा पेल्यात अर्धा मिनिट हलवून बघा. वास गेला तर बहुधा हायड्रोजन सल्फाइड होतं. कांदा-लसणासारखा वास तांब्यानेही गेला नाही तर तो पुढच्या टप्प्यातला, डायसल्फाइड या गंधकाच्या संयुगांचा आहे, बाटली बाद. तांबं घातलेला पेला प्यायचा नाही, तो फक्त तपासणीपुरता.

ऑक्सिडेशन. कापून ठेवलेलं सफरचंद, सुक्या फळांचा शिळपट वास. पांढरी वाइन वयाच्या मानाने गडद पिवळी-तपकिरी. स्वस्त पांढऱ्या आणि गुलाबी वाइन बहुतेक वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या म्हणूनच केलेल्या असतात. त्यामुळे बाटलीवरचं साल आधी बघा. तीन-चार वर्षं जुनी साधी गुलाबी वाइन थकलेली निघाली तर तो बनवणाऱ्याचा दोष नाही.

व्हिनेगरी वास (व्होलाटाइल अ‍ॅसिडिटी). अ‍ॅसिटिक आम्लाने व्हिनेगर, इथाइल अ‍ॅसिटेटने नेलपॉलिश काढायच्या द्रावाचा वास. थोडासा असेल तर लाल वाइनमध्ये गंधाला उठावही देतो, म्हणून लगेच बाद करू नका. युरोपीय संघात लाल वाइनसाठी लिटरला १.२ ग्रॅम ही वरची मर्यादा आहे, पण त्याच्या बऱ्याच आधी, ०.७ च्या आसपास, सरावलेल्या नाकाला तो कळतो.

ब्रेट. तबेला, घोड्याचं खोगीर, चिकटपट्टी. ब्रेटानोमायसीस या यीस्टचं काम. याबद्दल जाणकारांतही दोन तट आहेत. माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या वाइनमध्ये फळ मागे आणि तबेला पुढे असेल तर तो दोषच, त्याला "गावरान बाज" म्हणून पाठीशी घालू नये.

उष्णतेचा मार. शिजलेल्या मुरंब्याचा वास, बूच किंचित वर सरकलेलं, त्याच्या कडेने वाइन ओघळल्याची रेघ. बाटली उघडण्याआधी बुचाचा माथा बोटाने चाचपून बघा.

उजेडाचा मार. पारदर्शक काचेतल्या पांढऱ्या, गुलाबी आणि फसफसणाऱ्या वाइन नळीच्या दिव्याखाली काही तासांतही बिघडू शकतात. उजेडाने वाइनमधलं रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) चेततं, ते मेथिओनिन हे अमिनो आम्ल फोडतं, आणि शिजलेल्या कोबीचा वास येतो. मांडणीवर दिव्याच्या तोंडाशी असलेली बाटली घेऊ नका.

आणि हे दोष नव्हेत: बुचाला किंवा तळाला चिकटलेले चमकदार खडे (टार्टरेट, निरुपद्रवी), लाल वाइनचा गाळ, कोवळ्या पांढऱ्या वाइनमधले जिभेला टोचणारे दोन-चार बुडबुडे.

कोरा_कागद:

दोघांचेही आभार. कुबट आणि गंधकी यांची आमच्याकडून अदलाबदल होत होती, ते आता कळलं. प्रदेशांचं काय? कोणाकडून कशाची अपेक्षा ठेवायची? लेबलावरून साखरेचा अंदाज येतो का? आणि स्पेनच्या रिओखा वाइनवरच्या क्रियान्सा, रेसेर्वा या पायऱ्या म्हणजे दर्जा समजायचा का?

उतारावरची_वेल:

शेवटच्यापासून सुरू करते. रिओखाच्या पायऱ्या म्हणजे मुरवण्याचा काळ, दर्जा नव्हे. लाल क्रियान्सा किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं, त्यात एक पिंपात. ग्रान रेसेर्वा पाच वर्षं, त्यात दोन पिंपात. स्पेनच्या इतर बऱ्याच भागांत क्रियान्साला पिंपातले सहाच महिने लागतात. स्वस्तातली रेसेर्वा बऱ्याचदा फसवते. फळ मुळात पातळ असेल तर तीन वर्षांनी सुकं लाकूडच उरतं. त्याच किमतीची कोवळी, "होवेन" प्रकारातली टेम्प्रानिलो (रिओखाचं मुख्य लाल द्राक्ष) पुष्कळदा जास्त जिवंत असते.

साखर. युरोपीय संघाच्या नियमात "कोरडी" म्हणजे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर. आम्ल पुरेसं असेल, म्हणजे साखरेहून फार तर २ ग्रॅमने कमी असेल, तर ९ ग्रॅमपर्यंतही. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनवर तिथे घटक आणि पोषणमूल्यं द्यावी लागतात, बहुधा क्यूआर कोडमागे. त्यात १०० मि.लि.मागे साखर दिलेली असते. तिला दहाने गुणा. ०.९ असेल तर लिटरला ९ ग्रॅम. हे चाखून झाल्यावर बघा आणि स्वतःच्या अंदाजाशी ताडा. फसफसणाऱ्या वाइनमध्ये शब्दांचा घोळ आहे: "एक्स्ट्रा ड्राय" (१२ ते १७ ग्रॅम) ही "ब्रूट"पेक्षा (१२ ग्रॅमच्या आत) गोड असते. प्रोसेको (इटलीची फसफसणारी) घेताना हे हमखास चुकतं.

आता कोणाकडून काय अपेक्षा. विन्यो व्हेर्दे: बहुतेक ९ ते ११.५ टक्के, टोकदार आम्ल, थोडा वायू (स्वस्तातल्यांत तो बहुधा वरून घातलेला). ती छोटी, चटकन संपणारीच असते, त्याचे गुण कापू नका. बघायचं ते एवढंच: आम्ल लिंबासारखं चोख आहे की कच्च्या सालीसारखं बोचरं? आणि वायू निघून गेल्यावर काही उरतं का? पेला जोरात फिरवून वायू घालवा आणि पुन्हा चाखा. अनेक वाइन इथे उघड्या पडतात.

फ्रान्सची म्युस्काडे "स्युर ली": यीस्टच्या साक्यावर हिवाळा काढलेली. गंध कमीच असणार. तोंडातला मऊ, किंचित भाकरीसारखा भरीवपणा आणि खारटसर शेवट शोधा. पहिल्या हुंगण्यावर गुण दिलेत तर हिच्यावर कायम अन्याय होईल.

न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यो ब्लां याच्या दुसऱ्या टोकाला. पॅशनफ्रूट आणि हिरवी ढोबळी मिरची भसकन नाकात येते. गंध इतका ठळक असतो की हुंगतानाच गुण देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. हिला तोंडावर तपासा: मधल्या भागात काही आहे का, की पुढे गंध, मागे आम्ल, आणि मध्ये पाणी?

दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लां रोजच्या पांढऱ्यांत माझ्या मते सगळ्यात भरवशाची. आम्ल जात्याच चांगलं, म्हणून उष्ण भागातही मिळमिळीत होत नाही. इटलीची पांढरी सोआवे घेताना द्राक्ष गार्गानेगा, किमान ७० टक्के. बदाम-सालीसारखा हलका कडवटपणा शेवटी येणं हे तिचं लक्षण, दोष नाही.

लाल वाइनकडे येऊ. फ्रान्सची बोजोले: गामे द्राक्ष, पुष्कळदा अख्खे घड कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून आंबवलेले. केळं, च्युइंगमसारखा गंध त्या पद्धतीचा असतो. टॅनिन कमी म्हणून "पातळ" लिहू नका; आम्ल आणि फळ यांचा तोल बघा, आणि हिला १३ अंशांवर चाखा, १६ वर ती सैल पडते.

कोत द्यु रोन, तीही फ्रान्सचीच: दक्षिण भागातल्या लाल वाइनमध्ये ग्रनाश द्राक्ष प्रमुख, सोबत सिरा, मूरव्हेद्र. १४ टक्के नेहमीचे. इथे जळजळ आणि आम्लाची कमतरता या दोनच गोष्टी प्रामुख्याने तपासा. चिलीची कार्मेनेर: ढोबळी मिरचीचा वास मेथॉक्सिपायरेझिन या गंधसंयुगांचा, द्राक्ष पुरतं पिकलं नाही की वाढतो. हे द्राक्ष तिथे मर्लो समजून लावलेलं होतं, १९९४ मध्ये त्याची ओळख पटली. थोडी हिरवाई हिच्या स्वभावातच आहे. कच्चं टॅनिन सोबत आलं तरच गुण कापा. अर्जेंटिनातल्या मेंदोसाची स्वस्त लाल माल्बेक गडद रंगाने प्रभाव टाकते. रंगाला गुण देऊ नका.

इटलीत नावांचा एक घोटाळा लक्षात ठेवा. "मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्सो" मध्ये मोन्तेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव, "व्हीनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो" मध्ये ते तोस्कानातल्या गावाचं नाव आणि द्राक्ष प्रामुख्याने सान्जोव्हेझे. पहिली मऊ, जांभळी, रोजची. दुसरीकडून आम्ल आणि तुरटपणा अपेक्षित. दोन्ही एका गटात टाकून तुलना केलीत तर निकाल निरर्थक येईल. कियान्ती आणि कियान्ती क्लासिको यांचंही तसंच: नियम वेगळे (सान्जोव्हेझे किमान ७० आणि ८० टक्के), भागही वेगळा.

ओकबद्दल एकच. २२५ लिटरचं नवं पिंप स्वस्त वाइनला परवडत नाही, म्हणून टाकीत ओकचे तुकडे किंवा फळ्या सोडतात. युरोपीय संघात तुकड्यांना २००६ पासून परवानगी आहे. त्यात गैर काही नाही, पण काम नीट झालं का ते बघावं. तुकड्यांचा व्हॅनिला किंवा खोबऱ्याचा गंध नाकात आधी आणि जोरात येतो, मग चव मध्येच रिकामी होते आणि शेवटी लाकडाचा भुसा चघळल्यासारखी कोरड राहते. लाकूड आणि फळ एकत्र सुरू होऊन एकत्र संपत असतील, तर मग ते कुठल्या मार्गाने आलं याने फरक पडत नाही.

मोजपट्टी:

वेल यांच्या यादीचा उपयोग आहे, पण एका बाबतीत मी असहमत. प्रदेश सांगून चाखायला लागलात की माणूस अपेक्षा चाखतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिच्या गंधाला लाल वाइनचीच विशेषणं लावली. ते वाइनचं शिक्षण घेणारे विद्यार्थी होते. म्हणून आधी प्रदेश न सांगता गुण, मग लेबल उघडून प्रदेशाला साजेशी आहे का याची वेगळी ओळ. दोन आकडे, दोन रकाने, एकमेकांत न मिसळता. शैली मात्र आधी सांगायला हरकत नाही: "या फेरीत चार हलक्या, बिनओकच्या पांढऱ्या". विन्यो व्हेर्दे विरुद्ध शिराझ हा प्रश्न त्यानेच सुटतो. त्या एका फेरीत येतच नाहीत.

बाटलीचा आकारही ओळख देतो. उतरत्या खांद्यांची, ताठ खांद्यांची, उंच सडपातळ, पिशवीतूनही कळते. ओतणाऱ्याने दुसऱ्या खोलीत क्रमांक घातलेल्या एकसारख्या सुरयांत ओतून आणावी, आणि त्या फेरीत त्याने स्वतः गुण देऊ नयेत.

आता १५ आणि ११ चं. आधी स्वतःची चूक किती होते ते मोजा. प्रत्येक बैठकीत एक वाइन दोन क्रमांकांनी दोनदा ठेवा, कोणालाही न सांगता. पाच बैठकींनंतर प्रत्येकाचा त्या जोडीतला सरासरी फरक काढा. समजा तो दीड आला. मग दोन वाइनमधला एका गुणाचा फरक त्या माणसाच्या वहीत फरकच नाही. ज्याचा फरक तीन-चार येतो त्याने अजून गुण देऊ नयेत, फक्त नोंदी लिहाव्यात.

सोबत एक खूणवाइन ठेवा. एकाच लॉटच्या बारा बाटल्या घ्या, प्रत्येक बैठकीत पहिली तीच, उघडपणे, ठरलेले १२ गुण. बाकी सगळं तिच्या वर किंवा खाली. बैठकीबैठकीतला चढउतार याने बराच आवरतो.

दोन वाइन खरंच वेगळ्या लागतात का, अशी शंका असेल तर तीन पेल्यांची चाचणी: दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. जोडी आणि क्रम दर वेळी बदला. नुसत्या अंदाजाने पाचपैकी चार वेळा बरोबर येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून थोडी कमी आहे, त्यामुळे पाचपैकी चार जमलं तर फरक खरा धरा. तीन जमलं तर धरू नका. रंगावरून ओळख पटत असेल तर गडद पेले घ्या.

२० गुणांची वाटणी रोजच्या वाइनसाठी अशी सुचवेन: तोल ८, फळाची स्पष्टता ५, चव रेंगाळणं ४, दुसऱ्या पेल्याची इच्छा ३. गुंतागुंतीला गुण नकोत. ती मोठ्या वाइनची कसोटी आहे, आणि ती इथे लावली की साध्या, नीटस वाइन हरतात आणि लाकूड घातलेल्या जिंकतात.

तळाचा_गाळ:

गुणांची वाटणी पटली. रेंगाळण्याबद्दल एक भर: सेकंद मोजताना फक्त फळाची चव मोजा. कडवटपणा, जळजळ किंवा कोरड वीस सेकंद राहिली तर तो रेंगाळणारा शेवट नव्हे. रोजच्या वाइनमध्ये ५ सेकंद ठीक, ८-१० आले तर पूर्ण चार गुण द्या.

कोरा_कागद:

"दुसऱ्या पेल्याची इच्छा" चाखून थुंकताना कशी मोजायची? आणि खूणवाइन म्हणून खोक्यातली वाइन चालेल का? बारा बाटल्या ठेवायला जागा नाही.

मोजपट्टी:

ते तीन गुण बैठकीत द्यायचेच नाहीत, दुसऱ्या दिवशी द्यायचे. उरलेल्या वाइन लगेच लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट, फ्रिजमध्ये. चोवीस तासांनी, लेबल अजून झाकलेलंच, योग्य तापमानाला आणून एकेकीचा १०० मि.लि.चा पेला सावकाश, पण एका संध्याकाळी एकच किंवा फार तर दोन. साखरेवर उभी असलेली वाइन इथे बसते, तोल असलेली तशीच राहते, कधी सुधारतेही. सगळ्या वाइन एकाच रात्री बघता येणार नाहीत, तेव्हा कोणती पहिल्या दिवशी आणि कोणती तिसऱ्या दिवशी उघडली ते लिहा. चार दिवसांपलीकडे हे तीन गुण देऊ नका.

बूच_आणि_पेच:

खोकं चालेल, मर्यादा सांभाळून. तीन लिटरच्या खोक्यातली पिशवी वाइन निघेल तशी आक्रसत जाते, म्हणून उघडल्यावर फ्रिजमध्ये चार ते सहा आठवडे बरी राहते. पंधरा दिवसांना एक बैठक असेल तर एका खोक्यात तीन बैठका. पण पिशवीतून आणि तोटीतून थोडी हवा आत जातेच, न उघडलेलं खोकंही सहा-नऊ महिन्यांत थकतं. भरल्याची किंवा वापराची तारीख बघून घ्या. नवीन खोकं आणलं की जुन्यातला शेवटचा पेला आणि नव्यातला पहिला यांची वर सांगितलेली तीन पेल्यांची चाचणी करा. वेगळे निघाले तर त्या दिवसापासून खूण बदलली, असं वहीत लिहा. आणि तोटीत अडकलेली वाइन हवेने शिळी झालेली असते. पहिले ३० मि.लि. टाकून द्या, मग ओता.